प्रतिकार केला तर जास्त इजा होते का? एका सल्ल्याची संशोधनातून झालेली तपासणी



पेटच्या मुलाखतीत 'तुमचा संशोधन प्रश्न काय?' असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. 'महिलांचे स्वसंरक्षण' हा विषय झाला. 'स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींवर पुढच्या वर्षभरात होणारे लैंगिक अत्याचार, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत कमी होतात का?' हा प्रश्न झाला. दुसऱ्या वाक्यात कोण, कशाच्या तुलनेत, किती काळात आणि काय मोजायचं, हे सगळं आलं. आज या एकाच प्रश्नाचा संशोधनातला प्रवास बघू. विषय महत्त्वाचा आहेच, शिवाय संशोधन पद्धतीचे निम्मे धडे यात आयते सापडतात.

आधी या प्रश्नाची गरज का पडली ते सांगते. आपल्याकडे मुलींना दोन सल्ले एकाच घरात मिळतात. एक, 'कराटे शिकून ठेव.' दुसरा, 'तसं काही झालंच तर उगाच विरोध करू नको, समोरचा चिडेल, जीव वाचव.' आता हे दोन्ही सल्ले एकत्र नांदू शकत नाहीत. विरोध केल्याने धोका वाढत असेल तर कराटे शिकवणं घातक आहे. आणि वाढत नसेल, तर 'गप्प राहा' हा सल्ला घातक आहे. सल्ला देणारा कुणीही असो, चुकला तर त्याची किंमत मुलगी मोजते. म्हणून इथे 'मला वाटतं' चालत नाही, पुरावा लागतो.

जुना सल्ला कुठून आला?

'विरोध करू नका' हा सल्ला फक्त आजीचा नव्हता. अमेरिकेत १९७० च्या दशकात पोलीसही तो देत. त्यामागे आकडे होते, हे विशेष. नोंदी बघितल्या की दिसायचं: ज्या स्त्रियांनी प्रतिकार केला त्यांच्यात जखमी झालेल्यांचं प्रमाण जास्त. निष्कर्ष सरळ वाटतो, नाही का?

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी बनवले आहेत.

समजा १०० घटना आहेत. ५० जणींनी प्रतिकार केला, त्यांतल्या ३० जखमी झाल्या. उरलेल्या ५० जणींनी प्रतिकार केला नाही, त्यांतल्या १५ जखमी झाल्या. ६० टक्के विरुद्ध ३० टक्के. म्हणजे प्रतिकाराने इजा दुप्पट?

थांबा. त्या ३० जणींना एक जादा प्रश्न विचारा: 'इजा आधी झाली की प्रतिकार आधी केला?' समजा २५ जणी म्हणाल्या, 'त्याने आधी मारलं, म्हणून मी झटापट केली.' म्हणजे प्रतिकारानंतर जखमी झालेल्या फक्त ५. आकडे तेच, पण गोष्ट उलटी झाली. प्रतिकारामुळे इजा झाली नाही, इजेमुळे प्रतिकार झाला.

याला आपण कालक्रमाची चूक म्हणू. कारण नेहमी परिणामाच्या आधी यायला हवं, हे आपण सगळे पाठ करतो, पण माहिती गोळा करताना वेळेचा रकाना ठेवायला विसरतो. तो रकाना नसेल तर नंतर कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा, उत्तर मिळत नाही.

यात दुसरी अडचणही आहे. हल्ला जितका हिंसक, तितका प्रतिकार होण्याची शक्यता जास्त आणि इजा होण्याचीही शक्यता जास्त. म्हणजे दोन्हींच्या मागे तिसराच घटक उभा आहे. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. आयसीयूमध्ये मृत्यू जास्त होतात म्हणून कुणी 'आयसीयूत जाऊ नका' असं म्हणत नाही, कारण तिथे मुळात गंभीर रुग्ण जातात. तसंच हे.

कॅनडात व्हर्नन क्विन्सी आणि डग्लस अपफोल्ड यांनी १९८५ मध्ये हा क्रमाचाच मुद्दा तपासला. पुढे २००४ मध्ये जोंगयॉन टार्क आणि गॅरी क्लेक यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय गुन्हे-पीडित सर्वेक्षणातली १९९२ ते २००१ ची माहिती घेतली. यात इजा प्रतिकाराच्या आधी झाली की नंतर, हे नोंदवलेलं होतं. क्रम लक्षात घेतल्यावर दिसलं की प्रतिकारानंतर नव्याने इजा होणं तुलनेने क्वचित घडतं. बहुतेक इजा प्रतिकाराच्या आधीच झालेल्या असतात. बलात्काराच्या घटनांवर सारा उलमन यांनी केलेल्या अभ्यासांचाही कल असाच आहे: जोरात ओरडणं, ढकलणं, मारणं, पळणं यामुळे अत्याचार पूर्ण होण्याची शक्यता घटते. रडणं आणि विनवण्या करणं मात्र फारसं उपयोगी पडत नाही.

पण मग तंत्रं कोणती शिकवतात?

सिनेमा बघून आपल्याला वाटतं की स्वसंरक्षण म्हणजे पाच गुंडांना लोळवणं. प्रत्यक्षात उद्दिष्ट जिंकणं नसतंच. तिथून सुटणं एवढंच असतं. शास्त्रशाखेच्या लोकांना आवडेल असा भाग म्हणजे यातली साधी भौतिकी.

मनगट धरलं असेल तर मागे ओढायचं नाही, कारण तिथे ताकदीची स्पर्धा होते. पकडीत चार बोटं एका बाजूला असतात आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला. म्हणून आपला हात अंगठा आणि बोटांच्या फटीच्या दिशेने वळवून झटक्यात काढायचा. दोन्ही हात जोडून आणि अंगाचा झोक देऊन केलं तर आणखी सोपं.

मुठीऐवजी तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने नाकावर किंवा हनुवटीखाली मारायला शिकवतात. सराव नसलेल्या माणसाने मुठीने मारलं तर स्वतःच्याच बोटांची हाडं मोडायची भीती असते.

जवळ ओढलं असेल तर कोपर आणि गुडघा. ही अंगाजवळची, कठीण आणि कमी क्षेत्रफळाची हत्यारं आहेत. बल तेवढंच असलं तरी क्षेत्रफळ कमी म्हणून दाब जास्त. मारायच्या जागा म्हणजे डोळे, नाक, गळा, जांघ, गुडघा, नडगी आणि पायाचा वरचा भाग. इथे स्नायूंचं संरक्षण कमी असतं, त्यामुळे समोरच्याचं वजन जास्त असलं तरी फरक पडतो.

आणि सगळ्यात आधी आवाज. पोटातून, ठाम, छोट्या वाक्यात. 'हात काढ.' 'मागे हो.' 'प्लीज' किंवा 'सॉरी' न लावता. ऐकायला सोपं वाटतं. ओळखीच्या माणसाला असं म्हणून बघा, मग कळतं किती अवघड आहे.

हा शेवटचा मुद्दाच संशोधनाने पुढे नेला.

कॅनडातली चाचणी

आतापर्यंत बघितलेले अभ्यास 'घटना घडल्यावर काय झालं' एवढंच सांगतात. प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, हे त्यातून कळत नाही. स्वतःहून क्लास लावणाऱ्या मुली आणि न लावणाऱ्या मुली मुळातच वेगळ्या असू शकतात. क्लास लावणारी कदाचित आधीपासून जास्त सावध असेल. किंवा तिच्याबाबत आधी काही घडलं असेल, म्हणूनच ती आली असेल. हा फरक घालवायचा तर चिठ्ठ्या टाकूनच गट करावे लागतात. म्हणजेच यादृच्छिक नियंत्रित चाचणी, आपली आरसीटी.

विंडसर विद्यापीठाच्या शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी ती केली. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ती प्रसिद्ध झाली. कॅनडातली तीन विद्यापीठं, पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनी. चिठ्ठीने ४५१ जणी प्रशिक्षण गटात, ४४२ जणी नियंत्रण गटात. नियंत्रण गटाला काहीच दिलं नाही असं नाही. विद्यापीठं नेहमी देतात तशी लैंगिक अत्याचाराविषयीची माहितीपत्रकं त्यांना दिली. हे लक्षात ठेवा: तुलना 'काहीच नाही'शी नव्हती, 'सध्या जे करतो त्या'शी होती.

प्रशिक्षण तीन-तीन तासांच्या चार सत्रांचं होतं, एकूण १२ तास. पहिल्या सत्रात धोका ओळखणं, आणि तोही अंधाऱ्या गल्लीतला नाही. ओळखीचा मुलगा सतत आग्रह करतोय, एकटं गाठायला बघतोय, 'नाही' ऐकूनच घेत नाही, या खुणा. दुसऱ्या सत्रात मनातला अडथळा: 'मित्र आहे, वाईट वाटेल, सगळे मला काय म्हणतील' या विचारांमुळे कृतीला उशीर होतो, तो कसा कमी करायचा. तिसऱ्या सत्रात कृती: शाब्दिक आणि शारीरिक प्रतिकार. शारीरिक भाग 'वेन-डो' या कॅनडात स्त्रियांसाठी तयार झालेल्या पद्धतीवर आधारलेला. चौथ्या सत्रात स्वतःला नात्यात काय हवं, काय नको, याची स्पष्टता.

बघा, हाणामारी हा बारा तासांतला एक छोटा तुकडा आहे. बाकीचा वेळ 'कधी' आणि 'कुणाविरुद्ध' यावर खर्च केलाय.

निकाल कसा वाचायचा?

एका वर्षात पूर्ण झालेल्या बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण गटात ५.२ टक्के, नियंत्रण गटात ९.८ टक्के. बलात्काराच्या प्रयत्नाचं प्रमाण ३.४ टक्के विरुद्ध ९.३ टक्के.

आता वहीत गणित करा. ९.८ वजा ५.२ म्हणजे ४.६. हा निव्वळ फरक. ४.६ भागिले ९.८ म्हणजे साधारण ४७ टक्के. हा सापेक्ष फरक. (मूळ लेखात ४६.३ टक्के दिलंय, कारण इथले आकडे पूर्णांकित आहेत.) वर्तमानपत्रात मथळा येतो 'अत्याचार निम्म्यावर!' तो सापेक्ष आकडा असतो. तुम्ही प्रबंधात दोन्ही द्या.

तिसरं गणित: १ भागिले ०.०४६ म्हणजे सुमारे २२. अर्थ असा की २२ मुलींना प्रशिक्षण दिलं तर वर्षभरात एक बलात्कार टळतो. औषधांच्या चाचण्यांत आपण हाच आकडा वापरतो. प्राचार्यांना बजेट मागायला जाल तेव्हा टक्केवारीपेक्षा हे वाक्य जास्त समजतं.

२०१७ मध्ये याच गटाने दोन वर्षांपर्यंतचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. परिणाम कमी होत गेला तरी बराचसा टिकला होता. आणखी एक गोष्ट दिसली, जी मला फार महत्त्वाची वाटते: प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये 'अत्याचार झाला तर चूक तिचीच' ही धारणा कमी झाली.

आता शंका काढू

चांगला वाचक निकालावर टाळ्या वाजवण्याआधी शंका काढतो.

शंका १: माहिती मुलींनी स्वतः सांगितलेली आहे. बरोबर. पण 'तुमच्यावर बलात्कार झाला का?' असा प्रश्न विचारलेला नव्हता. प्रत्यक्ष काय घडलं, कशा प्रकारे, असे वर्तनावर आधारित प्रश्न होते. 'बलात्कार' हा शब्द स्वतःच्या अनुभवाला न लावणारी मुलगीही अशा प्रश्नावलीत मोजली जाते.

शंका २: आपण कोणत्या गटात आहोत हे मुलींना माहीत होतं. हेही खरं. गोळीसारखं खोटं प्रशिक्षण देता येत नाही. मग विचार करा, यामुळे चूक कोणत्या दिशेला होईल? प्रशिक्षणाने ओळखण्याची नजर तयार झाली तर मुली जास्त घटना नोंदवतील, म्हणजे कार्यक्रम आहे त्यापेक्षा कमी प्रभावी दिसेल. उलट 'शिकूनही थांबवता आलं नाही' या लाजेने लपवलं तर तो जास्त प्रभावी दिसेल. फक्त 'बायस आहे' असं लिहून थांबू नका, त्याची दिशा सांगा. व्हायवात हाच प्रश्न येतो.

शंका ३: कॅनडातल्या विद्यापीठात चाललं ते दुसरीकडे चालेल का? इथे केनियातला एक अभ्यास उपयोगी आहे. नैरोबीच्या कोरोगोचो-कारिओबांगी या वस्त्यांमधल्या शाळांत ५२२ मुलींवर तो झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ शाळांतल्या ४०२ मुलींना स्वसंरक्षण शिकवलं, दोन शाळांतल्या १२० मुलींना जीवनकौशल्यं. सुरुवातीला जवळपास चारातल्या एकीने आधीच्या वर्षात अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या ९० टक्के घटनांत माणूस ओळखीचा होता. दहा महिन्यांनी स्वसंरक्षण गटात प्रमाण २४.६ वरून ९.२ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या गटात २४.२ वरून २३.१, म्हणजे जवळपास तेच.

आकडे कॅनडापेक्षाही मोठे दिसतात. पण रचना बघा. गट शाळेनुसार पाडलेत आणि तुलनेला फक्त दोन शाळा आहेत. त्या दोन शाळांत काही वेगळं घडलं असेल तर? एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे ५२२ हा आकडा दिसतो तितका मोठा नाही. शिवाय पाठपुरावा दहा महिन्यांचा, तर आधीचा प्रश्न वर्षभराचा. म्हणून हा अभ्यास दिशा दाखवतो, पण पुराव्याचं वजन कॅनडाच्या चाचणीला जास्त. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, ही मात्र जमेची बाजू.

आपल्याकडे प्रश्न कुठे उघडा आहे?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत 'निर्भय कन्या अभियान' होतं, तुमच्यापैकी अनेकींनी त्यात भाग घेतला असेल. समग्र शिक्षा अंतर्गत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. अहवालात काय येतं? किती मुलींनी लाभ घेतला, किती तास झाले, फोटो. हे सगळं 'आपण काय केलं' याचं मोजमाप. 'त्यामुळे काय बदललं' हे त्यातून समजत नाही.

शिवाय आशय बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की नोंदवलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून जास्त घटनांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. आणि आपली प्रात्यक्षिकं मात्र बहुतेकदा मागून गळा धरणाऱ्या अनोळखी माणसावर. काका, शेजारी, सर, मित्र यांच्यासमोर हात उचलण्याआधी जो संकोच आडवा येतो, त्यावर एक तास तरी असतो का? संशोधनाचा प्रश्न शोधत असाल तर हा घ्या: फक्त शारीरिक तंत्रं, आणि शारीरिक तंत्रं अधिक ओळखीच्यांविषयीचं सत्र, या दोन गटांत काय फरक पडतो? मैदान तयार आहे, फक्त तुलना गट आणि पाठपुरावा जोडायचाय. अर्थात आचारसंहिता समितीची मान्यता, गोपनीयता, आणि मुलीने प्रश्नावलीत काही उघड केलं तर मदतीची सोय, हे आधी. अल्पवयीन मुली असतील तर पोक्सोखाली माहिती कळवण्याची कायदेशीर जबाबदारीही येते, ती संमतिपत्रात लिहावी लागते.

निष्कर्षाची कुंपणं

शेवटचा मुद्दा, आणि तो सोडून हा लेख वाचू नका. 'प्रतिकार उपयोगी पडतो' यावरून 'प्रतिकार करायलाच हवा होता' असं निघत नाही. गटाची सरासरी एका व्यक्तीवर निवाडा म्हणून लावता येत नाही.

स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर महिनाभरात खास रुग्णालयात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. ही भीतीची शारीरिक प्रतिक्रिया आहे, संमती नाही आणि भित्रेपणाही नाही.

आपल्या राज्याने याची किंमत पाहिली आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं. चार कायदा अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेत स्पष्ट आहे: केवळ शारीरिक विरोध केला नाही म्हणून स्त्रीची संमती होती असं धरता येत नाही. आणि त्याच संहितेचं कलम ३८ सांगतं की बलात्काराच्या उद्देशाने हल्ला झाला तर बचावाचा हक्क हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत जातो. म्हणजे कायदा लढणारीच्याही बाजूने आहे आणि गोठलेलीच्याही. आपल्या संशोधनाची भाषाही तशीच हवी. आणि गुन्ह्याची जबाबदारी करणाऱ्याची, हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहायला लाजू नका.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या महाविद्यालयातल्या कोणत्याही एका प्रशिक्षणाचा अहवाल घ्या, स्वसंरक्षणाचाच हवा असं नाही. चार गोष्टी शोधा: तुलना कुणाशी केली, गट कसे पाडले, काय मोजलं, आणि किती काळानंतर मोजलं. ज्या रकान्यात उत्तर सापडणार नाही, तिथे तुमचा संशोधन प्रश्न बसलेला असण्याची शक्यता आहे.

पुढच्या लेखात गटांनुसार चिठ्ठ्या टाकल्या तर नमुना किती मोठा घ्यायचा, याचं गणित सोप्या उदाहरणाने करू. तोपर्यंत वाचत राहा, शंका काढत राहा.